चावत नाही म्हणाली, तेव्हाच ओळखायला हवं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निपाणी तालुक्यातला चप्पल कारागीर. आजोबा, वडील आणि मी, अशा तीन पिढ्या कोल्हापुरी बांधण्यात गेल्या. २०२५ च्या जूनमध्ये इटलीत मिलानच्या फॅशन शोमध्ये आमच्यासारखी चप्पल दिसली आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांत कोल्हापुरीबद्दल पुष्कळ छापून आलं. भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे आणि त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे, हे आमच्याच गल्लीतल्या कित्येकांना तेव्हा कळलं. त्याचा मला आनंद आहे. पण एवढ्या सगळ्या मजकुरात, चप्पल ज्या पायासाठी बांधायची त्या पायाबद्दल मला एक ओळ वाचायला मिळाली नाही. म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

कोल्हापुरी वर्षभर वापरली की वरच्या कातड्यावर पायाचा काळा ठसा उमटतो. घाम, तेल, माती आणि अंगाचं वजन मिळून तो उठतो. टाचेचा गोल, बाहेरच्या कडेचा पट्टा, चवड्याची आडवी पट्टी आणि पुढे पाच बोटांचे पाच ठिपके. चप्पल दुरुस्तीला आली की मी चपलेचा अंगठा, म्हणजे पायाचं बोट अडकवायची वादी, किंवा पट्टा कुठे तुटलाय ते नंतर बघतो, आधी हा ठसा बघतो. कुणाच्या ठशात आतली कड पार काळी असते. त्याचे तळवे सपाट, चालताना पाय आत कलंडतो. असा पाय पुढे टाकताना जोर अंगठ्याच्या आतल्या कडेवर येतो आणि मग अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे ढकलला जातो. आमच्या ओळखीचे एक बस कंडक्टर आहेत. त्यांची आधी टाच दुखायची, मग घोट्याच्या आतल्या बाजूला सूज यायची, आता अंगठा तिरका झालाय. त्यांना वाटतं ही तीन दुखणी आहेत. चप्पल बघितली की कळतं, दुखणं एकच आहे आणि ते कमानीपासून सुरू झालंय.

उलट काहींची कमान इतकी उंच असते की ठशात टाच आणि चवडा वेगवेगळे दिसतात, मध्ये कातडं कोरं. अशा पायाची बोटं बहुधा आखडलेली असतात. बोटांचे ठिपके पसरट न उमटता बारीक आणि खोल उमटतात, कारण बोट सपाट टेकत नाही, नुसतं टोक टेकतं. एक शिक्षिका आहेत, त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय. त्यांच्या आईचंही तसंच होतं. पट्टा नेमका त्या हाडावर घासतो, म्हणून त्यांचा जोड बांधताना मी पट्टा मागे घेतो आणि खालून शेळीचं मऊ कातडं लावतो. लोक सगळा दोष चपलेला देतात. चप्पल चुकीची असली तर दुखणं वाढतं हे खरं, पण पायाची ठेवण घराण्यातून येते हे मी आई आणि मुलगी, बाप आणि मुलगा असे पाय शेजारी शेजारी बघून सांगतो. या शिक्षिका बाई तर पायात बूट न घालता वाढल्या.

आता आईबद्दल लिहितो.

माझ्या आईचं वय ६७. तरुणपणापासून तंबाखूच्या वखारीत काम केलं. साखरेचा आजार निघून १४ वर्षं झाली. मागच्या काही वर्षांत तिची बोटं वाकत गेली. मधला सांधा वर आला, टोक खाली गेलं, पक्ष्याच्या नखीसारखं. आम्ही म्हणायचो, वयानं आखडली. तिच्या जुन्या चपलेत दुसऱ्या बोटाच्या मुळाखाली बशीसारखा खळगा पडला होता, गुळगुळीत, चकचकीत. तो खळगा मी वर्षभर डोळ्यांनी बघत होतो. दुसऱ्या कुणाची चप्पल असती तर विचारलं असतं. आईची म्हणून विचारलं नाही.

२०२३ च्या दिवाळीत तिच्यासाठी नवा जोड बांधला. म्हशीच्या कातड्याचा तळ, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चांगलं कातडं, वर बारीक वेणी. नवी कोल्हापुरी चावतेच. चार दिवस तेल लावून, थोडी थोडी घालून ती पायाला वळवावी लागते. म्हणून दुसऱ्या दिवशी विचारलं, "आई, कुठं चावालीय का?" ती म्हणाली, "न्हाई रं, लोण्यावानी हाय." मला इतकं बरं वाटलं! इतक्या वर्षांत हात बसला, असं मनात आलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बायकोला न्हाणीपासून चुलीपर्यंत शहाबादी फरशीवर तपकिरी ठिपके दिसले. आम्हाला वाटलं पोराला लागलं. शोधत शोधत आईपाशी आलो. उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाचा वर आलेला सांधा सोलला होता, चार आण्याएवढा. पट्ट्याची कड तिथेच घासत होती. जोडव्याभोवती बोट सुजलेलं. तळवा उचलून बघितला तर चवड्यावर जाड घट्टा आणि त्याच्या मधोमध काळपट डाग. मी विचारलं, दुखत नाही? ती माझ्याच तोंडाकडे बघत म्हणाली, "कुठं काय झालंय?"

तिला काहीच लागत नव्हतं. नवी चप्पल चावत नाही म्हणाली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

आधी हळद लावली. मग जवळच्या एका दवाखान्यात नेलं. मलम आणि गोळ्या मिळाल्या. तीन आठवडे मलम लावलं. त्या तीन आठवड्यांत तिचा पाय कुणी हातात घेऊन उलटा केला नाही. टेबलापलीकडून बघायचे, लिहून द्यायचे. वरची जखम दिसत होती, खालचा घट्टा कुणाला दिसला नाही. मला त्याचा राग आहे आणि तो मी लपवत नाही. शेवटी कोल्हापूरला एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्टुलावर बसून आईचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला. नायलॉनच्या दोऱ्यासारख्या एका तंतूनं तळव्याला टोचत गेले. आईचे डोळे मिटलेले. तिनं फक्त टाचेपाशी दोनदा "हां" म्हटलं. बोटांना आणि चवड्याला तंतू वाकेपर्यंत दाबला तरी गप्प.

त्या डॉक्टरांनी मला जे समजावलं ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. एका पायात २६ हाडं, त्यातली १४ एकट्या बोटांची. बोटं हलवणाऱ्या लांब शिरा, म्हणजे रक्ताच्या नव्हे, स्नायूंच्या दोऱ्या, पोटरीकडून येतात आणि पायाच्या आतले बारीक स्नायू त्यांना आवर घालून बोटं सरळ ठेवतात. साखरेनं नसा खराब झाल्या की आधी हे बारीक स्नायू वाळतात. लांब शिरा मात्र शाबूत राहतात, मग त्यांचंच राज्य. ओली वादी ओढून बांधावी आणि वाळल्यावर ती आणखी आवळावी, तशी बोटं ओढली जातात. बोट वर उठलं की त्याच्या मुळाचं हाड खाली दाबलं जातं. चवड्याखाली देवानं दिलेली चरबीची गादी असते, ती बोटांबरोबर पुढे सरकते. आता हाड आणि जमीन यांच्यामध्ये नुसती कातडी. ती कातडी जाड होते, तोच घट्टा. आपल्याला वाटतं घट्टा म्हणजे संरक्षण. पण तो पायाखाली सतत अडकलेल्या खड्यासारखा असतो, प्रत्येक पावलाला आतल्या मांसाला चेचतो. ज्याला जाणीव आहे तो लंगडतो, पाय वाचवतो. ज्याला नाही तो त्याच खड्यावर दिवसभर चालतो. आतून रक्त साकळतं, मग पू. आईच्या घट्ट्यातला काळा डाग तोच होता.

बोट वाकणं, वर सांधा सोलणं, खाली घट्टा, टोकाला भोवरी म्हणजे कुरूप, नख जाड होऊन रुतणं, या सगळ्या एकाच दोरीच्या गाठी आहेत. आपण मात्र भोवरीला एक औषध, नखाला दुसरं, घट्ट्याला दगड आणि बोटाला "वय झालं" म्हणून सोडून देतो. संधिवातातही बोटं अशीच सरकतात, पण त्यात दुखतं तरी. न दुखणारं वाकडं बोट जास्त धोक्याचं, हे मला पन्नाशीत कळलं.

आईच्या बोटाच्या हाडापर्यंत पू गेला होता. बोट काढावं लागलं. त्याआधी जोडवी काढायची होती आणि तिथे सगळं अडलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, हयात असताना जोडवी काढायची नाहीत, असं ती म्हणाली. नर्सबाईंनी समजावलं, बायकोनं समजावलं. सुजेत चांदी इतकी रुतली होती की ती नुसती निघणारही नव्हती. मी पक्कड घेऊन पुढे झालो. आण्णा कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. उठले आणि म्हणाले, "आण इकडं ती." ७४ वर्षांचा माणूस, अलीकडे आरीत दोरा ओवताना त्यांचा हात थरथरतो. त्या दिवशी थरथरला नाही. जोडव्याखाली बोटाच्या बाजूनं पातळ कातड्याचा तुकडा सरकवला, चांदी तोडली, दोन्ही टोकं हलकेच फाकवली. मग डाव्या पायातलंही त्यांनीच काढलं. आई बोलली नाही. आता ती दोन्ही जोडवी तिच्या कुंकवाच्या करंड्यात आहेत आणि साखर असलेल्या शेजारणींना ती सांगते, "बोट सुजायच्या आधी काढा बायांनो, माझ्यासारखं करू नका."

बोट काढून काम संपत नाही, हेही तेव्हाच कळलं. दुसरं बोट गेलं की अंगठ्याला शेजारचा आधार राहत नाही. तो त्या रिकाम्या जागेत कलतो, मग त्याच्या मुळाचं हाड बाहेर येतं आणि नवी घासायची जागा तयार होते. म्हणून मी तिच्या चपलेत त्या जागी मऊ रबराचा तुकडा बसवतो.

आता माझ्या जातभाईंना आणि धंदेभाईंना एक सांगायचंय. आमच्याकडे जुनी माणसं गिऱ्हाइकाची भोवरी रापीनं तासून द्यायची. आजोबा द्यायचे, मीही दिली आहे. त्याचे पैसेही घेत नव्हतो, उपकार म्हणून करायचो. कातडं भिजवून ज्या रापीनं कापायचं, तीच रापी. किती जणांना साखर होती, किती जणांच्या पायात जाणीव नव्हती, कुणी विचारलं? मी हे पूर्ण बंद केलंय आणि तुम्हीही बंद करा, हात जोडून सांगतो. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या भोवरीच्या पट्ट्यांत कातडी जाळणारं औषध असतं. साखरेच्या माणसानं तीही लावू नये. गरम पाण्यात पाय शेकू नयेत, भाजल्याचं कळत नाही. सौंदत्तीला किंवा पंढरीला अनवाणी जायचा नवस बोललेल्यांना मी काही म्हणणार नाही, श्रद्धा माझीही आहे. पण उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर बधिर पाय ठेवायला कुठला देव सांगतो?

तमिळनाडूतल्या वेल्लोरला १९४६ साली आलेले ब्रिटिश शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांबद्दल हेच दाखवून दिलं होतं. बोटं रोगानं गळून पडत नाहीत, जाणीव गेल्यामुळे होणाऱ्या रोजच्या इजांनी झिजतात. त्यातूनच आपल्याकडे मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर) रबराच्या चपला आल्या. अंगठ्यानं दाबलं की दबतं आणि सोडलं की लगेच वर येतं असं ते रबर. साखरेच्या पायालाही तेच चालतं. अडचण अशी की त्या काळ्या चपला लोकांच्या डोळ्यांत कुष्ठरोगाशी जोडल्या गेल्यात. आई पहिल्यांदा म्हणाली, "ह्या घालून मी बाजारात जाणार न्हाई." मग मी तळात एमसीआर घातलं आणि वरून आपलं कमावलेलं कातडं आणि कोल्हापुरीची वेणी लावली. चपलेचा अंगठा ठेवला नाही, कारण अंगठ्याची कड्या मारलेली वादी बोटाला घासते आणि सैल चप्पल सांभाळायला माणूस बोटं आणखी आखडतो. मागे टाचेला पट्टा, वर वेल्क्रो, बोटांवर उंची जास्त, खिळा एकही नाही. तशी कोल्हापुरी बांधायलाही खिळा लागत नाही, वादीनंच शिवतात. ही आमची जुनी विद्या इथे कामाला आली. माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय फुगतो. दोन्ही पायांचं, उभं राहून, वर्तमानपत्राच्या कागदावर पेन्सिल फिरवून. सगळ्यात लांब बोटापुढे एक बोट जागा सोडायची. आतापर्यंत असे अकरा जोड दिले. कोल्हापुरी म्हणून जी चप्पल मी अभिमानानं विकतो ती बधिर पायाला देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

घरच्या घरी करायची एक परीक्षा आहे, इंग्लंडातल्या इप्सविच गावाच्या नावानं ती ओळखली जाते. त्याला काही साधन लागत नाही. माणसाला डोळे मिटायला सांगा. आपल्या बोटानं त्याच्या अंगठ्याच्या टोकाला, मधल्या बोटाच्या टोकाला आणि करंगळीच्या टोकाला हलकेच शिवा, एक-दोन सेकंद, दाबायचं नाही, चोळायचं नाही. दोन्ही पायांची मिळून सहा टोकं होतात. शिवलेलं कळलं की त्यानं सांगायचं. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर डॉक्टरांकडे जायचं. त्याच वेळी वाकडं बोट हातानं सरळ होतंय का तेही बघा. होत असेल तर वेळ आहे. योग्य चप्पल आणि गादी देऊन भागतं, नाहीतर सुईनं शीर थोडी सैल करण्याचा छोटासा उपचारही असतो, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं. ताठर झालं असेल तर चपलेलाच बोटाप्रमाणे वळावं लागतं.

माझी मागणी मोठी नाही. आशाताई घरोघरी येऊन साखर आणि रक्तदाब तपासतात, गावोगावी शिबिरं होतात. बोटातून रक्ताचा थेंब घेताना त्याच वेळी चप्पल काढायला सांगा, तळवा उलटा करून बघा, सहा ठिकाणी शिवा. पायाची काळजी सांगणारं पत्रक कन्नडमध्ये असतं ते असावंच, शेजारी मराठीतही द्या. आमच्या आईच्या वयाच्या ज्या बायका चार अक्षरं वाचतात त्या मराठीच वाचतात. इकडे कर्नाटकात लिडकर हे सरकारी चर्मोद्योग महामंडळ आहे, तिकडे महाराष्ट्रात संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आहे. दोघांनी मिळून कारागिरांना अशा पायांच्या चपलांचं शिक्षण द्यावं. परदेशी बाजाराइतकंच काम निपाणी, चिकोडी आणि अथणीच्या गल्ल्यांत पडलेलं आहे. आणि आपल्याला विनंती, ती सहा टोकांची परीक्षा अधूनमधून मोठ्या अक्षरांत चौकटीत छापावी.

आमच्या घरी रोज दिवेलागणीनंतर आई उंबऱ्यावर बसते. आण्णा चष्मा लावून, आरसा खाली धरून तिचे दोन्ही तळवे बघतात, बोटांच्या बेचक्यासुद्धा. पावसाळ्यात तिथे चिखल्या होतात. काल डाव्या पायाच्या तिसऱ्या बोटाखाली त्यांना लालसर दिसलं. त्या बोटाचं टोक अलीकडे वाकायला लागलंय. उद्या सकाळच्या पहिल्या बसनं तिला कोल्हापूरला नेतोय, म्हणून पत्र आज रात्रीच पुरं केलं.

आपला,
एक चप्पल कारागीर
ता. निपाणी, जि. बेळगाव